बिनसणाचं गोड

"नाव कुठं येणार न्हाई ना?" शौकत मुजावरने विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता खुर्ची अशी फिरवून घेतली, की दाराच्या काचेतून त्याचा चेहरा कुणाला दिसू नये.

"नाव नाही, विभागही नाही," मी म्हणाले. "फक्त उत्तरं."

"मग लिवा. कंपनीची बातमी पहिल्यांदा कुठं कळती? कँटीनमधी."

मी लिहिलं. सकाळपासून जे जे समोर येऊन बसले होते, त्या सगळ्यांनी हेच सांगितलं होतं. नोटीस बोर्ड, सुपरवायझर, महिन्याची सभा, युनियन, असे पर्याय मी एकेक करून वाचायची आणि समोरचा माणूस यादी संपायच्या आधीच म्हणायचा, कँटीन.

"कँटीनमध्ये सांगतं कोण?"

"कोन न्हाई सांगत."

"मग कळतं कसं?"

"कळतं की," तो म्हणाला. यापुढे बोलायचं त्याच्या मनात नव्हतं. मी 'कँटीनमधील गप्पा' असं लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळले. असं लिहायचं हे माझं सकाळीच ठरून गेलं होतं.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतली ही कंपनी पंपांचे भाग बनवायची. एका अंगाला फाउंड्री, तिथे ओतकाम व्हायचं. दुसऱ्या अंगाला मशीन शॉप, तिथे ते ओतलेले भाग घासूनपुसून मापात आणायचे. मधल्या पट्ट्यात ऑफिस, आणि मागे पत्र्याचं कँटीन. मी त्याआधी सांगलीच्या एका दैनिकात उपसंपादक होते. दैनिकाची ती आवृत्ती बंद झाल्यावर मिळेल ते लिखाणाचं काम घ्यायची, म्हणजे सहकारी बँकांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका, एखाद्या डॉक्टरचं आत्मचरित्र. हे काम त्यातलंच. कंपनी आपल्या कामगारांशी किती नीट बोलते, त्यांना काय कधी कळवते, कळवलेलं त्यांच्यापर्यंत पोचतं का, याचं मूल्यमापन करून द्यायचं होतं. परदेशी गिऱ्हाइकाने तसा अहवाल मागितला होता. कंपनीला स्वतःला तो हवा होता असं मला तरी कुणी म्हणालं नाही.

"मासिक सभेत तुम्हाला प्रश्न विचारता येतात का?" मी पुढे विचारलं.

"येतात."

"विचारता?"

"एकदा विचारलेला. पंख्याचं. पंखा आला." त्याने जरा विचार केला. "तवापासनं सगळे पंख्याचंच विचारतात."

"आणि नोटीस बोर्ड?"

"बोर्ड झकास हाय. काच हाय, आत लाइट हाय, कुलूप हाय. किल्ली वॉचमनकडं. काच पुसायची म्हनली की तो उघडतो. आत लावलंय काय, ते तो बी वाचत न्हाई."

मी हसले. तो हसला नाही. हात पुसायचं फडकं त्याने गुडघ्यावर पसरलं, घडी घातली, पुन्हा उलगडलं. पन्नाशीला टेकलेला माणूस. मिशी पांढरी झालेली आणि केस मात्र काळेभोर.

"तुमचं विचारून झालं असंल तर मी एक विचारू?"

"विचारा."

"मशीन शॉप ऱ्हातंय का जातंय?"

मी पेन खाली ठेवलं. "मला कसं माहीत असणार?"

"तुमी वर जाता-येता. साहेब लोकांत बसता. एवढंच इचारून सांगा. बाकी कागदावर काय पायजे ते लिवा माझ्या नावानं. बिननावानं."

मग त्याने सांगितलं. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला एका कारखान्यात त्याचा जुना दोस्त फोरमन होता. तिथे मशीन मापाला लावून देणाऱ्या सेटरची एक जागा रिकामी झाली होती. दोस्ताने मालकाच्या मागे लागून ती शौकतसाठी अडवून ठेवली होती, पण शनिवारपर्यंतच. शनिवारी संध्याकाळी हो किंवा नाही कळवायचं. नाही म्हटलं की सोमवारी तिथे दुसरा माणूस उभा राहणार होता.

"तुम्हाला जायचंय का?"

"कशाला जाऊ? घर इथं सावळीत. मिस्त्री म्हनून मान हाय. त्याच बोरिंग मशीनवर हयात गेली, तिचा आवाज बदलला की मला झोपंत बी कळंल. तिथं गेलो की मी नवा." फडक्याची घडी पुन्हा झाली. "पन मी ऱ्हायलो आनि शॉपच गेलं तर? या वयाच्या मानसाला कोन दारात उभं करतंय, मॅडम? आत्ता घेतात ते दोस्ताच्या शब्दावर."

"जाणार असं वाटायला काही कारण आहे?"

"मागल्या महिन्यात दोन मानसं आली. टाय लावलेली. मशिनींच्या पाट्या वाचून गेली. आमच्याशी एक शब्द न्हाई. मशिनींशी बोलून गेली म्हना."

विचारून बघते, असं मी म्हणाले. वचन दिलं नाही. बातमीदारीत राहिलेल्या माणसाला तेवढं कळतं.

*

निरंजन टोणपे हे कंपनीचे एचआर मॅनेजर. मला काम त्यांनीच दिलं होतं. येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. पुण्याच्या एका मोठ्या कारखान्यातून आले होते, बायको-मुलं अजून पुण्यातच होती, आणि ते विश्रामबागेत एका खोलीत राहून रोज डब्याचं जेवत होते. काचेचा बोर्ड त्यांनी बसवला होता. मासिक सभाही त्यांनीच सुरू केली होती. माणूस कामसू, आणि थकलेला. त्यांच्या टेबलावर नेहमी दोन चहाचे कप असायचे, एक गार झालेला आणि एक गार होत असलेला.

"कँटीन!" माझ्या हातातले कागद चाळत ते म्हणाले. "इतका खटाटोप करून शेवटी कँटीनच्या गप्पा?"

"सगळे तेच सांगताहेत."

"बोर्डाबद्दल?"

"बोर्ड झकास आहे म्हणतात."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मी चेहरा सरळ ठेवला.

"आणखी एक," मी म्हणाले. "मशीन शॉप बंद होणार, अशी कुजबुज आहे. त्यात काही आहे का?"

"मशीन शॉप? छे."

"हे तुम्हाला माहीत आहे, की तुम्हाला वाटतं?"

त्यांना हा प्रश्न आवडला नाही, पण त्यांनी तो टाळला नाही. खुर्चीत मागे टेकले. "गेल्याच महिन्यात त्या शॉपला मी दोन नवीन माणसं भरलीत. मालकांच्या, म्हणजे केतनसाहेबांच्या सहीने. बंद करायचं असतं तर सही केली असती का? आणि असलं काही असेल तर पहिलं काम कुणाकडे येतं? माझ्याकडे. हिशेब, नोटिसा, लेबर ऑफिस, सगळं मलाच करायचं असतं. मला कळल्याशिवाय होईल कसं?"

"टाय लावून दोघं जण आले होते म्हणे. मशिनींच्या पाट्या वाचत होते."

"विम्याचे असतील. दरवर्षी येतात."

"हे मी एका माणसाला सांगितलं तर चालेल? त्याचा एक मोठा निर्णय अडलाय."

"सांगा की. माझं नाव घेऊन सांगा." आणि मग, जरा मऊ आवाजात, "एखाद्याला आपल्या शब्दाचा उपयोग होत असेल तर बरंच आहे. एरवी इथे माझं कोण ऐकतं?"

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी शौकतला गाठून जसंच्या तसं सांगितलं. टोणपे काय म्हणाले, कशावरून म्हणाले, आणि हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही, त्यांचा तो अंदाज आहे, हेसुद्धा.

"नाव घेऊन सांगा म्हनले?"

"हो."

"मानूस खोटा न्हाई," शौकत म्हणाला. "बाकी कसा का असंना." त्याने फडकं खांद्यावर टाकलं. "मग उद्या संध्याकाळी दोस्ताला न्हाई म्हनून सांगतो. बायकोला बी तेच पायजे. तिला कोल्हापूरचं पानी आवडत न्हाई. एकदा पिली होती, बहिणीच्या लग्नात."

तो निघाला. चाल हलकी वाटली, निदान मला तरी.

*

शनिवारी माझं काम संपत आलं होतं. शेवटची काही माणसं राहिली होती आणि मला घरी जाऊन झोपायचं होतं. दुपारी टोणपे स्वतः मला बोलवायला आले.

"आज कँटीनमध्येच जेवा. लोकांनी इतकं सहकार्य केलं, सगळे येऊन बसले, उत्तरं दिली. म्हटलं आपणही काहीतरी करावं. गुलाबजाम सांगितलेत. आपला आचारी बसाप्पा जरा कुरकुरत होता, पण केलेत."

"कुरकुर कशाबद्दल?"

"कशाला साहेब, कशाला साहेब, असं दोनदा म्हणाला. खवा आणायचा कंटाळा, दुसरं काय?"

कँटीनमध्ये शिरलो तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं ते म्हणजे तिथे आवाज नव्हता. शंभर-सव्वाशे माणसं आणि स्टीलची ताटं एका पत्र्याखाली असली की तिथे बोललेलं ऐकू येत नाही. त्या दिवशी बसाप्पाच्या गॅसची भुरभुर ऐकू येत होती. माणसं रांगेने ताट घेत होती, बाकावर बसत होती, भाजी-भाकरी खात होती. प्रत्येक ताटात एक वाटी होती आणि वाटीत दोन गुलाबजाम. वाटीला कुणी हात लावत नव्हतं.

मी तपासणी विभागातल्या विमल आवटींच्या शेजारी जागा घेतली. त्या कंपनीतल्या सर्वांत जुन्या बायकांपैकी. आदल्या दिवशी त्यांनी माझ्या प्रश्नांना इतक्या झटपट उत्तरं दिली होती, की मला त्यांचा हेवा वाटला होता.

"घ्या ना, सगळ्यांनी घ्या!" टोणपे रांगेजवळ उभे राहून हसत सांगत होते. "लाजू नका. हवे तर आणखी आहेत!"

कुणीतरी खोकलं. पलीकडच्या बाकावर शौकत बसला होता. त्याने भाकरीचा तुकडा मोडून हातात धरला होता आणि तो तसाच धरून ठेवला होता.

"आवटीबाई, काय झालंय?" मी हळूच विचारलं.

"तुमाला म्हाईत न्हाई?"

"नाही."

"टोणपेसाहेबांनी सांगितलं न्हाई?"

"कशाबद्दल?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि बहुधा मी खरं बोलते आहे असं त्यांना वाटलं.

"गोड आलंय की," त्या म्हणाल्या. "आज काय सण हाय?"

आणि मग मान खाली घालून, भाजी कालवत, त्यांनी सांगितलं. थोरले मालक, म्हणजे केतनसाहेबांचे वडील कांतिलालशेठ, होते तोवरची रीत होती. काही वाईट सांगायचं असलं की शेठ कामगारांना आधी गोड जेवायला घालायचे. कडू ऐकायचं तर निदान तोंड गोड असावं, असं ते म्हणायचे. स्वतः कँटीनमध्ये यायचे, याच बाकावर बसायचे. सगळ्यांच्या आधी एक घास खायचे, आणि मग उठून जे असेल ते तोंडाने सांगायचे. रेल्वेची ऑर्डर गेली तेव्हा बासुंदी केली होती. दुसरी पाळी बंद केली तेव्हा जिलबी.

"माणसं रडायची, शेठ बी रडायचे. पन जिलबी खायची. सांगितल्यावर खायची. शेठनी खाल्ली म्हंजे ते खरं, आनि आता त्याला विलाज न्हाई, असं असायचं ते."

"आणि आता?"

"शेठ गेले. धाकट्यांनी गोड ठेवलं आनि येनं बंद केलं. कंत्राटी पोरं काढली तवा ताटात जिलबी आली, नोटीस दुसऱ्या दिवशी. पॅकिंग बाहेर दिलं तवा श्रीखंड. तवा तर नोटीस बी न्हाई." त्यांनी वाटी बोटाने दोन इंच पुढे ढकलली. "सणाला कंपनी गोड देत न्हाई, मॅडम. खंडेनवमीला मशिनींच्या पूजेचे पेढे आमचे आमी वर्गणी काढून आनतो. कंपनीचं गोड आलं म्हंजे बिनसणाचंच असतंय."

मी माझ्या पिशवीत भरलेल्या कागदांचा विचार केला. प्रत्येकावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, कँटीनमधील गप्पा.

"पण हे तसलं नाही," मी म्हणाले. "हे टोणपेसाहेबांनी सहज सांगितलंय. तुम्ही सगळ्यांनी उत्तरं दिलीत म्हणून."

"सहज?" पलीकडून शौकत म्हणाला. तो ऐकत होता. सगळेच ऐकत होते. "मॅडम, या कंपनीत सहज कुनी सुपारी बी दिली न्हाई."

"त्यांना ही रीत माहीतच नाही. ते नवे आहेत."

"मग ऱ्हाऊ दे. उठून एक वाक्य बोलू दे त्यांना. मशीन शॉपचं काय न्हाई, एवढंच. परवा तुमाला म्हनले न्हवं? तेच इथं म्हनू दे. मी आत्ता खातो दोन्ही गुलाबजाम, आनि बसाप्पाचे बी खातो."

दोघं-तिघं हसले. शौकत नाही हसला.

मी टोणप्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. कँटीन आणि ऑफिसच्या मध्ये एक पाण्याची टाकी होती, तिच्या सावलीत उभं करून सगळं सांगितलं. बासुंदी, जिलबी, पहिला घास, श्रीखंड. ऐकता ऐकता त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. आधी ते लाजले, मग चिडले.

"अहो, पण कुणी सांगायचं की नाही मला? बसाप्पाने सांगायचं! 'कशाला साहेब' म्हणजे काय?"

"तेच सांगत होता तो."

"बरं. मग मी आत जाऊन सांगतो. तसं काही नाही म्हणून. दोन मिनिटांचं काम."

ते दोन पावलं गेले आणि थांबले. मॅनेजर लोक थांबतात तसे. "केतनसाहेबांना एकदा विचारतो. माइकवरून असं जाहीर बोलायचं म्हणजे त्यांना माहीत असलेलं बरं."

त्यांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी फोन लावला. केतन दोशी त्या दिवशी मुंबईत होते. मला फक्त टोणप्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"सॉरी साहेब, मीटिंगमध्ये असाल... नाही, एक छोटा गैरसमज झालाय. कँटीनमध्ये मी गोड दिलं आणि लोकांना वाटतंय की... हो, ते मला आत्ता कळलं. चूक झाली... तेवढं एक जाहीर करतो, की मशीन शॉप बंद होणार नाही... हॅलो? हो, ऐकतोय."

बराच वेळ ते ऐकत राहिले.

"म्हणजे 'नाही' असं म्हणायचं नाही?"

पुन्हा ऐकलं.

"नाही साहेब, 'हो' तर मी म्हणणारच नाही. मला काही माहीतच नाही. मी फक्त... बरं. सांगा, लिहून घेतो."

त्यांनी समोरच्या पॅडवर एक ओळ लिहिली. फोन ठेवला. पॅडवरचा कागद फाडला, घडी घातली, खिशात ठेवला. मग घडी काढून पुन्हा एकदा वाचला.

"मी परवा तुम्हाला काय म्हणालो होतो?" त्यांनी विचारलं.

"मशीन शॉपचं काही नाही म्हणालात."

"आणि तुम्ही ते त्या माणसाला सांगितलंत."

"तुमचं नाव घेऊन."

"कोण माणूस?"

"ते मला सांगता येणार नाही."

"बरोबर," ते म्हणाले. "तुमचं ते बरोबर आहे." समोरच्या दोन कपांपैकी एक त्यांनी तोंडाला लावला आणि गार लागला म्हणून खाली ठेवला. "त्याला कधीपर्यंत ठरवायचंय?"

"आज संध्याकाळपर्यंत."

ते उठले.

*

कँटीनमध्ये कुणीही जागचं हललं नव्हतं. जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा होऊन गेला होता. तरी मशीन शॉपकडून एकाही यंत्राचा आवाज येत नव्हता. सुपरवायझर दारात उभे होते, पण तेही बाहेर चला म्हणत नव्हते. टोणप्यांनी माइक हातात घेतला. सुरक्षेची शपथ वाचायला म्हणून तो तिथे ठेवलेला असायचा.

"मित्रहो," ते म्हणाले, आणि कागद उघडला. "व्यवस्थापनाच्या वतीने कळवण्यात येतं, की कंपनीच्या सर्व विभागांचं कामकाज नेहमीप्रमाणे सुरू आहे."

कागद खिशात गेला.

"एवढंच?" शौकत बसल्या जागेवरून म्हणाला.

"एवढंच."

"आमी काय ते बंद हाय म्हनलो का, साहेब? सुरू हाय ते आमाला दिसतंय. आमीच करतोय ते." कुणी हसलं नाही. शौकत उभा राहिला. "परवा तुमी मॅडमना म्हनला, मशीन शॉपचं काय न्हाई. नाव घेऊन सांगा म्हनला. मला सांगितलं त्यांनी. तेच एकदा तुमच्या तोंडानं सांगा. मी माझ्या एकट्यासाठी इचारतोय असं समजा."

आता टोणप्यांना माणूस कळला. माइक त्यांच्या हातात होता आणि तो चालू होता, कारण त्यांचा श्वास सगळ्यांना ऐकू आला. त्यांनी खाली बघून बटण बंद केलं.

"मुजावर, मला जे सांगायला दिलंय, तेवढं मी सांगितलं. त्याच्यापुढे एक शब्द बोलायची मला परवानगी नाही."

माइक जागेवर ठेवून ते बाकांमधल्या वाटेने चालत आले. मला वाटलं, बाहेर जातील. सगळ्यांना तसंच वाटलं असावं, कारण दारातल्या सुपरवायझरांनी वाट करून दिली. टोणपे शौकतच्या बाकापाशी थांबले. "जरा सरका," असं शेजारच्या माणसाला म्हणाले आणि त्याच्या जागेवर बसले. समोर जी वाटी होती ती जवळ ओढली. चमच्याने गुलाबजामचा अर्धा तुकडा तोडला आणि खाल्ला.

माझ्या शेजारी आवटीबाईंनी तोंडावर पदर धरला.

टोणप्यांनी उरलेला अर्धाही खाल्ला. घाई केली नाही. मान वर करून कुणाकडे पाहिलं नाही. मग दुसराही त्यांनी संपवला आणि वाटी रिकामी करून ताटात ठेवली. इतक्या माणसांत बसाप्पाचा गॅस तेवढा बोलत होता.

शौकत अजून उभाच होता. त्याने टोणप्यांच्या रिकाम्या वाटीकडे पाहिलं. मग हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला, स्वतःची वाटी उचलली आणि उभ्याउभ्या दोन्ही गुलाबजाम एकामागून एक खाल्ले.

"चांगले झालेत, बसाप्पा," तो म्हणाला.

मग बाकीच्यांनी वाट्या पुढे ओढल्या. कँटीनभर स्टीलवर चमच्यांचा आवाज सुरू झाला. आवटीबाई रडत होत्या आणि खात होत्या. मीही खाल्ला एक. चव आठवत नाही.

*

मशीन शॉप बंद केल्याची नोटीस पुढे दिवाळीनंतर त्या काचेच्या बोर्डात लागली. विम्याचे वाटलेले ते दोघे शॉप विकत घेणाऱ्या कंपनीचे होते. त्यांना मशिनी हव्या होत्या, माणसं नको होती. नवीन भरलेल्या दोघांना त्याच नोटिशीत काढलं. हे मला नंतर बाहेरून कळलं. त्या शनिवारी त्यातलं काहीही कुणी बोललं नव्हतं, आणि माझ्या अहवालात बोललेल्याचीच नोंद करायची असल्यामुळे ते तिथे आलं नाही. 'कँटीनमधील गप्पा' एवढं मात्र मी सगळीकडे खोडलं आणि नुसतं 'कँटीन' ठेवलं.

त्याच शनिवारी दिवस उतरताना मी टोणप्यांच्या केबिनमध्ये माझे कागद बांधत होते, तेव्हा शौकत आला. हात धुतलेले, कपडे बदललेले. राजीनामा त्याने ऑफिसातल्या टायपिस्टकडून लिहून घेतला होता. टोणप्यांनी तो वाचला.

"जिथे जाताय तिथे फोन केलात?"

"केला. दोस्त हाय तिथं. सोमवारी ये म्हनला."

"थांबलात तर पुढे कदाचित काही भरपाई मिळेल. राजीनामा दिलात तर मिळणार नाही. हे सांगणं माझं काम आहे."

"आनि थांबलो तर ती जागा जाती."

"हो."

"मग घ्या."

टोणप्यांनी खणातून एक फॉर्म काढला. नाव, विभाग, रुजू तारीख, सगळं स्वतः भरलं. त्यांचं अक्षर सुरेख होतं, हे मला त्याच दिवशी दिसलं.

"सोडण्याचं कारण?"

"घरगुती लिवा."

"घरगुती," टोणप्यांनी लिहिलं. सही केली, शिक्का मारला, एक प्रत शौकतला दिली. शौकतने ती चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवली. तो निघाला, पण दारात थांबला.

"साहेब, सगळं मशीन शॉप गेलं तर एवढ्याशा फाउंड्रीला एचआर मॅनेजर कशाला लागतो?"

टोणप्यांनी शिक्का उचलून खणात ठेवला.

"वंगाळ मानू नका. दोस्ताच्या कंपनीत हाफिसात बी मानसं लागतात. तुमच्यासाठी शब्द टाकू का?"

टोणप्यांनी पेनाला टोपण लावलं. मला वाटलं, ते नको म्हणतील, किंवा हसून घालवतील.

"माझ्याबद्दल मला अजून कुणी काही कळवलेलं नाही, मुजावर," ते म्हणाले.

शौकत दारातून परत आला. टेबलावरचा कोरा कागद त्याने पुढे ओढला, टोणप्यांच्याच हातातलं पेन मागून घेतलं आणि मोठ्या, वेड्यावाकड्या आकड्यांत त्यावर दोस्ताचा नंबर लिहिला.